लस सरकारची, भरवसा कुणाचा?

धर्म घरात ठेवावा आणि आरोग्य डॉक्टरांवर सोपवावं, हे मत सुशिक्षित मराठी वर्गात चांगलंच रुजलेलं आहे. करोनाच्या दोन वर्षांत ते आणखी पक्कं झालं. २०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट ऐन भरात असताना हरिद्वारला कुंभस्नानासाठी लाखोंची गर्दी झाली. ती दृश्यं कुणी विसरलेलं नाही. मग लसीकरण, क्षयरोग, कुपोषण अशा कामांत महाराज, मौलवी आणि फादर यांना बोलवायचंच कशाला, असं विचारलं जातं. त्यांना व्यासपीठावर बसवणं म्हणजे अंधश्रद्धेवर सरकारी शिक्का मारणं, असंही बजावलं जातं.

हे मत मांडणाऱ्यांपैकी अनेकांनी अंधश्रद्धेविरुद्ध लढण्यात हयात घालवली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तर २०१३ साली याच लढ्यात प्राण गमवावे लागले. म्हणून या मताला उत्तर द्यायचं तर जबाबदारीने द्यायला हवं. पण द्यायलाच हवं, कारण ते चुकीचं आहे. रोग कसा पसरतो हे जसं तपासता येतं, तसंच घाबरलेली माणसं कुणाचं ऐकतात, कुणावर विसंबतात हेही तपासता येतं. या दुसऱ्या प्रश्नाचा सव्वाशे वर्षांचा पुरावा महाराष्ट्रातच पडून आहे.

१८९६च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. नगरपालिकेने रोगी शोधून त्यांना सक्तीने इस्पितळात न्यायला सुरुवात केली. वैद्यकशास्त्राच्या त्या वेळच्या समजुतीनुसार यात काही गैर नव्हतं. पण २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. सरकारी इस्पितळात माणसं मारायलाच नेतात, अशी अफवा शहरभर पसरली होती. त्यातच बायकांच्या अंगाला परपुरुषाने हात लावणं, कुणाच्याही हातचं अन्न खावं लागणं, मयताचे विधी न होणं, या गोष्टी लोकांच्या जिव्हारी लागल्या होत्या. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले. २२ जून १८९७च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा सगळा इतिहास शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो.

कमी सांगितली जाते ती पुढची गोष्ट. त्याच मुंबईत, त्याच साथीत पारशी, खोजा, मेमन, जैन, भाटिया अशा समाजांनी आपापली प्लेग इस्पितळं उघडली. पुण्यात टिळक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ काढलं. खाटा, औषधं, विलगीकरणाचे नियम बहुतांशी तेच होते. फरक एवढाच की दारात ओळखीचं माणूस उभं होतं, जेवण चालण्यासारखं होतं आणि रोगी मेलाच तर त्याचं पुढचं नीट होईल याची खात्री होती. सरकारी इस्पितळाच्या नावाने दारं लावून घेणारे लोक इथे रोगी घेऊन येऊ लागले. एकच शहर, एकच रोग आणि तेच वर्ष. याहून स्वच्छ तुलना एखाद्या संशोधकाला ठरवूनही मांडता आली नसती.

लसीचंही तसंच. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःच टोचून घेतली. लोक मात्र बिचकत होते. तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या खोजांच्या धर्मगुरूंनी, तिसऱ्या आगा खानांनी, आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे लस घेतली आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला जागाही दिली. खोजा समाजातल्या हजारोंनी मग दंड पुढे केले. आगा खानांना लसीचं शास्त्र शिकवायचं नव्हतं. ते शास्त्र हाफकिन यांचं होतं आणि तसंच राहिलं. त्यांनी फक्त आपल्या शब्दाची पत लसीच्या मागे उभी केली.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ते दिवस गेले, आता लोक शिकलेले आहेत. तसं असेल तर उत्तर प्रदेशात पोलिओचं काय झालं ते पाहावं. २००२ साली भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले आणि त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशातले होते. मुस्लिम मुलांचं प्रमाण त्यांत त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फारच जास्त होतं. डोस पाजला की मूल पुढे वांझ होतं, ही अफवा मोरादाबादपासून अलिगढपर्यंत घरोघर पोचली होती, आणि लस पाजायला आलेल्या बायकांच्या तोंडावर दारं आपटली जात होती. मग कामाची पद्धत बदलली. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द या संस्था मोहिमेत आल्या. मशिदींतून मोहिमेच्या तारखा पुकारल्या जाऊ लागल्या, इमामांनी आपल्या नातवंडांना सगळ्यांदेखत डोस पाजले आणि वस्तीतल्याच बायका दारोदार फिरू लागल्या. २००९ साली ७४१, २०१० साली ४२ आणि २०११ साली एक, असे देशभरातल्या रुग्णांचे आकडे आहेत. १३ जानेवारी २०११ला हावड्यात सापडलेली लहान मुलगी ही भारतातली मूळच्या पोलिओ विषाणूची शेवटची रुग्ण. २०१४च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला.

याचं सगळं श्रेय इमामांना देणं खोटेपणाचं होईल. २०१० साली आलेल्या सुधारित लसीने फार मोठं काम केलं आणि लाखो कार्यकर्त्यांची पायपीट त्यामागे होती. पण उत्तमातली उत्तम लस मुलाच्या तोंडात पडल्याशिवाय निरुपयोगी असते, आणि उंबऱ्यापासून तोंडापर्यंतचं ते अंतर सरकारी आदेशाने कापलं गेलं नाही. मुंबईत २०२२च्या अखेरीस गोवंडी भागात गोवराने मुलं दगावू लागली, तेव्हाही महापालिकेला मौलानांचीच मदत घ्यावी लागली.

इथे विरोधक नायजेरियाचा दाखला काढतात, आणि तो काढायलाच हवा. २००३ साली कानो राज्यात धार्मिक नेत्यांनी पोलिओ लसीवर बहिष्कार घातला, तो जवळपास वर्षभर टिकला आणि तिथला विषाणू वीसेक देशांत पोचला. धर्मसंस्थेच्या शक्तीचं हे भयंकर उदाहरण आहे. पण त्याची कारणं पाहिल्याशिवाय ते तोंडावर फेकून उपयोग नाही. १९९६ साली त्याच कानोत मेंदुज्वराची साथ असताना फायझर कंपनीने २०० मुलांवर एका औषधाची चाचणी घेतली होती. त्यातली ११ मुलं दगावली आणि पालकांना नीट कल्पनाच दिली नव्हती, असा आरोप झाला. बहिष्काराच्या अग्रभागी असलेले दत्ती अहमद हे स्वतः वैद्यकीय डॉक्टर होते. म्हणजे अविश्वासाचं मूळ धर्मग्रंथात नव्हतं, दवाखान्यातल्या अनुभवात होतं. आणि तो मिटला कसा? इंडोनेशियासारख्या मुस्लिम देशात तयार झालेली लस मागवून, आणि पुढे सोकोतोच्या सुलतानांसारख्या धर्मप्रमुखांनी गावोगावच्या प्रमुखांना कामाला लावून. २५ ऑगस्ट २०२० रोजी आफ्रिका खंड मूळच्या पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. धर्मनेत्यांना टाळून ते झालेलं नाही.

आता वारीकडे वळू, कारण धर्मामुळे रोग पसरतो या आरोपाचं सर्वांत जुनं मराठी उदाहरण तेच. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची यात्रा आणि पटकी यांचं नातं इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत वारंवार येतं. ते खोटं नव्हतं. लाखो माणसं एका नदीकाठी उतरतात, तिथेच आंघोळ, तिथेच पिण्याचं पाणी आणि तिथेच शौच. चंद्रभागेच्या वाळवंटाची दशा तर परवापरवापर्यंत अशी होती की हातांनी मैला उचलावा लागणाऱ्या कामगारांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने वाळवंटातल्या राहुट्यांना मनाई केली, शौचालयं उभारायला लावली, आणि आज ज्याला सगळे नुसतं '६५ एकर' म्हणतात तो तळ दिंड्यांसाठी नदीपलीकडे उभा राहिला. ही लाज वारकऱ्यांची होतीच, पण त्याहून जास्त ती प्रशासनाची होती. शेकडो वर्षं यात्रा भरत होती आणि किती माणसं येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

पण वारी म्हणजे निव्वळ गर्दी असं समजणाऱ्याने ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीची संध्याकाळची समाज आरती एकदा पाहावी. तळावर हजारो टाळ-मृदंग एका वेळी वाजत असतात. चोपदार दंड उंचावतो आणि क्षणात शांतता होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, मुक्कामाची जागा बळकावली गेली, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकली जाते, निवाडा होतो, हरवल्या-सापडल्या वस्तूंचा पुकारा होतो आणि मगच आरती. आळंदी ते पंढरपूर जवळपास तीन आठवडे हे रोज चालतं, पोलिसांशिवाय आणि कर्ण्याशिवाय. प्रत्येक दिंडीला क्रमांक आहे, प्रमुख आहे आणि कोण किती माणसं घेऊन चालतं याची नोंद आहे. कोणत्याही साथरोग अधिकाऱ्याला हवी असते ती रचना इथे आयती उभी आहे. 'निर्मल वारी'तून पालखीतळांवर फिरती शौचालयं आली. २०२३ साली सरकारने 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' हा उपक्रम घेऊन वाटेवर तपासण्या केल्या. दोन्हींचा वापर झाला तो दिंडीप्रमुखांनी आपल्या माणसांना सांगितलं म्हणून.

करोनात काय झालं? २०२० साली पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या बसने, मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या. २०२१ साली पुन्हा तेच. पिढ्यान् पिढ्या वारी न चुकवलेल्या घरांनी आषाढी एकादशी घरी बसून केली. सगळेच राजी नव्हते. २०२१ साली पायी जाण्याचा आग्रह धरणाऱ्या काहींना पोलिसांनी ताब्यात घेतलं, हेही खरं. तरी फडांनी आणि संस्थानांनी निर्णय मानला, लोकांना मानायला लावला आणि लाखोंची वारी थांबली. त्याच वर्षी हरिद्वारला जे घडलं त्याचं खापर नुसत्या श्रद्धेवर फोडता येत नाही. तिथे सरकारनेच मेळा भरू दिला होता. १७ एप्रिलला पंतप्रधानांनी कुंभ प्रतीकात्मक ठेवण्याची विनंती केली आणि जुना आखाड्याने त्याच दिवशी आपल्यापुरती समाप्ती जाहीर केली. ही विनंती महिनाभर आधी झाली असती तर?

धर्मसमुदायाला शत्रू ठरवल्याने काय होतं तेही त्याच काळात दिसलं. २०२० साली दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या तबलिगी जमातच्या मेळाव्यात संसर्ग झाला, ही वस्तुस्थिती होती. पण पुढचे कित्येक आठवडे एका अख्ख्या समाजाला विषाणू पसरवणारा म्हणून हिणवलं गेलं. २१ ऑगस्ट २०२०ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं नोंदवलं. ज्याला आपल्यावर आळ येईल अशी भीती आहे, तो ताप आला तरी तपासणीला जात नाही. ३० मार्च २०२०ला मुंबई महापालिकेने करोनाने दगावलेल्या सर्वांचं दहनच होईल, असं परिपत्रक काढलं आणि काही तासांत मागे घेतलं. ते राहिलं असतं तर किती मृत्यू लपवले गेले असते? त्याच मुंबईत बडा कब्रस्तानाशी जोडलेल्या स्वयंसेवकांनी, नातेवाईक जवळ येईनात तेव्हा, हिंदू मयतांनाही स्मशानापर्यंत पोचवलं.

उरतात दोन गंभीर आक्षेप. पहिला, श्रद्धेच्या नावाखाली रोग्याचा छळ. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रमात आग लागली आणि साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. याचं समर्थन कुणीही करू नये. असे अड्डे बंदच झाले पाहिजेत. पण दर्ग्यावर जाणारी माणसं त्याने थांबत नाहीत. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून दुसरी वाट काढली गेली. तिथले मुजावरच भाविकांना सांगू लागले की दुआ इथे करा आणि दवा शेजारच्या खोलीत बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून घ्या. मेळघाटात कोरकू आदिवासींच्या भूमकांना, म्हणजे पारंपरिक वैदूंना, विश्वासात घेऊन आजारी बाळ आरोग्य केंद्रात धाडायला सांगण्याचे प्रयत्न झाले, ते याच जातीचे. आजारी बाळाच्या पोटावर डाग देणं कायद्याने थांबवायचंच आहे. पण मध्यरात्री आई ज्याच्या झोपडीत धावते, त्यानेच 'आधी दवाखान्यात जा' म्हटलं तर बाळ वाचण्याची आशा वाढते.

दुसरा आक्षेप धर्मांतराचा. मिशन इस्पितळांचा विषय निघाला की तो येतोच. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभारलं. प्रचार हा त्या काळच्या मिशनच्या कामाचा भाग होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र महाराष्ट्राला जामखेडही ठाऊक आहे. वेल्लोरला शिकलेलं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली नगर जिल्ह्याच्या त्या दुष्काळी तालुक्यात आलं. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यातही अनेक दलित आणि निरक्षर बायकांना, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७२च्या दुष्काळात हातपंप बसवायचे होते, तेव्हा ते जाणीवपूर्वक दलित वस्तीत बसवले गेले, आणि सवर्णांच्या घागरी तिथे आल्या. जुलाब आणि अस्पृश्यता या दोन रोगांवर एका बोअरवेलने काम केलं. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या लोककेंद्री आरोग्यप्रयोगांवर ग्रंथ काढला, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. तीन वर्षांनी अल्मा-अता इथे जगाने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला, त्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता. आरोळे दांपत्याची श्रद्धा त्यांच्या कामातून वजा केली तर जामखेडच उभं राहत नाही.

धर्म आणि विवेक यांची फारकत मांडणारे गाडगेबाबांचं नाव आदराने घेतात. ते योग्यच आहे. पण बाबा कीर्तनकार होते, हे विसरून चालणार नाही. दिवसा गावातली गटारं खराट्याने साफ करायची आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून नवस, बळी, दारू, कर्ज यांवर बोलतं करायचं, ही त्यांची रीत. तीच माणसं आरोग्यखात्याच्या भाषणाला आली नसती. रोग्याच्या नातेवाइकांना रस्त्यावर झोपावं लागू नये म्हणून धर्मशाळा उभारायच्या, हा त्यांचाच वारसा. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे गरीब रुग्ण उतरतात. २०००-०१ साली तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटलांनी ग्रामस्वच्छता अभियानाला नाव दिलं ते एखाद्या शास्त्रज्ञाचं नव्हे, गाडगेबाबांचं. ते नाव ऐकून गावं हातात झाडू घेऊन बाहेर पडली.

या भागीदारीला अटी हव्यातच, आणि त्या कडक हव्यात. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवतो. त्याची अंमलबजावणी महाराजांचा शिष्यगण किती मोठा आहे हे न पाहता झाली पाहिजे. रोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या बुवाला आरोग्यखात्याच्या मंचावर जागा नको. उपचाराच्या बदल्यात श्रद्धा मागता कामा नये. आणि सरकारने धर्मशाळा दाखवून खाटा कमी करू नयेत. डॉक्टर नेमणं, औषधं पुरवणं, पाणी शुद्ध ठेवणं ही सरकारचीच कामं आहेत. श्रीमंत देवस्थानांचीही एक उणीव इथे सांगायला हवी. डायलिसिस केंद्राला यंत्रं देणं चांगलं, त्याची कोनशिलाही बसते. पण त्याच देवस्थानच्या दर्शनरांगेत तासन् तास उभ्या असलेल्या चाळिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब मोजला तर त्यातल्या कित्येकांवर डायलिसिसची वेळच येणार नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेकरी ज्या शिस्तीने परिसर स्वच्छ ठेवतात, ते पाहता असं काम अवघड आहे असं कोणत्याच संस्थानाला म्हणता येणार नाही.

या भागीदारीची सुरुवात क्षयरोगापासून करता येईल. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. उपचार मोफत आहे, पण किमान सहा महिने औषध चुकवायचं नसतं, आणि लोक लाजेपायी आजार लपवतात. महाराष्ट्रात क्वचितच एखादं गाव असेल जिथे वर्षातून एकदा अखंड हरिनाम सप्ताह होत नाही. सात दिवस सगळं गाव एका मांडवात बसतं, लेकीबाळी माहेरी येतात आणि बाहेरगावी गेलेली माणसं काल्याला परततात. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि आशाताईंनी सप्ताहाची पत्रिका छापायला जाण्याआधी कमिटीला भेटावं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या, औषध मध्येच सोडू नका आणि क्षयरोग्याचं ताट वेगळं काढू नका, एवढी तीन वाक्यं सातही कीर्तनकारांनी सांगावीत, अशी विनंती करावी. मांडवाच्या एका कोपऱ्यात तपासणीचं टेबल मांडावं. जुम्म्याच्या नमाजानंतर, रविवारच्या मिस्सेनंतर, बुद्धविहारातल्या वंदनेनंतर हेच सांगता येईल. आणि ज्या वाचकांच्या घरातलं कुणी अशा कमिटीवर आहे, त्यांनी आरोग्यखात्याची वाट न पाहता यंदाच हा विषय बैठकीत काढावा.